डोळ्यांवर चष्मा, कमरेला आराम?

कंबर दुखते म्हणून कमरेला पट्टा बांधतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण कंबर दुखते म्हणून डोळ्यांना पट्टा बांधायचा, असे कोणी सांगितले तर आपण सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहू. गेल्या वर्षभरात दवाखान्यात चार-पाच जणांनी मला नेमके हेच विचारले. कोणाच्या मुलाने पुण्याहून मोबाइलवर चित्रफीत पाठवली होती, कोणाच्या भाच्याने परदेशात पाहिले होते. प्रश्न मात्र एकच. "डॉक्टर, तो मोठा चष्मा लावून बसले की जुनी दुखणी जातात म्हणे. खरे आहे का?"

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. 'हो' म्हणावे तर फुकटची जाहिरात होते आणि 'नाही' म्हणावे तर पंचवीस-तीस वर्षांच्या चांगल्या संशोधनावर अन्याय होतो. शिवाय मला स्वतःला त्या चष्म्यापेक्षा त्याच्या निमित्ताने दुखण्याविषयी जे कळले ते अधिक मोलाचे वाटते. ज्यांचे सगळे रिपोर्ट 'नॉर्मल' आले आणि घरच्यांनी "काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत" म्हणून विषय मिटवून टाकला, अशा रुग्णांनी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

आधी चष्म्याविषयी. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. मराठीत 'आभासी वास्तव' असा शब्द रूढ झाला आहे. पाणबुड्याच्या चष्म्यासारखे दिसणारे हे यंत्र डोळे पूर्ण झाकून टाकते. आत दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे चित्राला खोली येते. डोके फिरवले की यंत्राला ते कळते आणि त्या बरोबरीने समोरचे दृश्यही फिरते. उजवीकडे वळून पाहिले तर तळ्याचा उजवा काठ दिसतो, वर पाहिले तर आभाळ. टीव्हीवर समुद्र पाहताना स्वयंपाकघरातली फोडणी, दारावरची बेल आणि दुखणारी कंबर हे सगळे सोबत असते. इथे ते उरत नाही. आपण त्या तळ्याकाठीच बसलो आहोत, असे मेंदूला वाटू लागते.

बर्फाचे गोळे आणि भाजलेली कातडी

वेदनेवर या यंत्राचा उपयोग करण्याची सुरुवात कंबरदुखीपासून झालेली नाही. ती भाजलेल्या रुग्णांपासून झाली. अमेरिकेतील सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ च्या सुमारास हार्बरव्ह्यू येथील जळित केंद्रात हे काम हाती घेतले.

भाजलेल्या माणसाचे ड्रेसिंग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इंटर्नशिपच्या काळात जळित वॉर्डात माझी ड्यूटी असे. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बाया तेव्हा फार येत. सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली दरवाज्यातून आत आली, की तिच्या चाकांच्या आवाजानेच कण्हणे सुरू होई. मॉर्फिनसारख्या औषधाने पडून असतानाची वेदना बरीच आटोक्यात येते. पण चिकटलेली पट्टी काढून जखम धुताना ते औषध पुरे पडत नाही. रोज एकदा आणि असे कित्येक आठवडे.

हॉफमन आणि पॅटरसन यांनी भाजलेल्या दोन किशोरवयीन मुलांवर जखमेच्या उपचारांच्या वेळी एक साधी तुलना केली. उपचाराचा काही वेळ मुलगा नेहमीचा व्हिडिओ गेम खेळे आणि काही वेळ आभासी वास्तवाचा चष्मा लावून बसे. चष्म्याच्या वेळी वेदना पुष्कळच कमी झाली आणि वेदनेचा विचार मनात येण्याचा वेळही घटला. हा अहवाल २००० साली 'पेन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे त्यांनी खास जळित रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचे दृश्यच तयार केले. बर्फाने भरलेली दरी, पेंग्विन आणि बर्फाचे पुतळे. रुग्णाने त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेकायचे. आगीत होरपळलेल्या माणसासाठी बर्फ निवडण्यात कल्पकता आहे, हे मान्य केले पाहिजे.

"रुग्णाचे मन रमले म्हणून त्याने तक्रार केली नाही, एवढेच," असे एखादा म्हणेल. ही शंका त्यांनाही आली होती. २००४ साली त्यांनी आठ निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला गरम चटका देऊन, त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे एमआरआय यंत्राने निरीक्षण केले. चष्म्यात दृश्य चालू असताना वेदनेशी संबंधित पाच भागांतील हालचाल लक्षणीय कमी झालेली दिसली. म्हणजे माणूस दात-ओठ खाऊन सहन करत नव्हता. त्याच्या मेंदूत वेदना खरोखरच कमी घडत होती.

यात आपल्याला नवे वाटावे असे फारसे नाही. बाळाला लस टोचताना आई "तो बघ काऊ!" म्हणते आणि बाळ खिडकीकडे पाहते तोवर सुई आत जाऊन बाहेर येते. स्नोवर्ल्ड हा फार महागडा काऊ आहे, इतकेच. आषाढी वारीतल्या आरोग्य शिबिरात मी काही वर्षे काम केले. तळपायाला रुपयाएवढे फोड आलेले वारकरी टाळ-मृदंगाच्या गजरात दिवसभर चालतात. फोड दुखायला लागतात ते मुक्कामाला टेकल्यावर. फोड तेच असतात, पायही तोच. मेंदूचे लक्ष दिवसभर दुसरीकडे गुंतलेले असते.

याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडले. त्यांचे म्हणणे असे की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी एक फाटक असते. लागलेल्या जागी आपण चोळतो, फुंकर घालतो, तेव्हा स्पर्शाचे संदेश त्या फाटकात गर्दी करतात आणि वेदनेचे संदेश मागे राहतात. शिवाय वरून मेंदूही ते फाटक लोटून घेऊ शकतो किंवा सताड उघडू शकतो. भीती, काळजी, अपुरी झोप यांनी ते उघडते. मन गुंतले, धीर आला, की ते लोटले जाते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण वेदनेचा रस्ता वरून खालीही चालतो ही त्यातली मुख्य गोष्ट टिकली.

राखणीचा कुत्रा

पण भाजल्याची वेदना वेगळी आणि सहा वर्षे दुखणारी कंबर वेगळी. ड्रेसिंग वीस मिनिटांत संपते, तेवढा वेळ मन रमवता येते. सहा वर्षे कोण कोणाचे मन रमवणार?

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. ताजी वेदना ही राखणीच्या कुत्र्यासारखी असते. चोर आला की भुंकते, आपण जागे होतो, दार लावतो. पण एकदा घरात चोरी झाली, की काही कुत्री पानाच्या सळसळीलाही भुंकू लागतात. चोर केव्हाच गेलेला असतो, भुंकणे चालूच राहते. जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रुग्णांत असे होते. मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. साधे वाकणे, बादली उचलणे, एसटीचा एक गचका, एवढ्यानेही ती धोक्याची घंटा वाजवते.

इथे रुग्ण मला एमआरआयची पिशवी दाखवतो. "डॉक्टर, मणक्यात गॅप आहे," किंवा "गादी सरकली आहे." पिशवी खोटी नसते, पण ती संपूर्ण सत्यही सांगत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या आढळल्या. यांतल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती! केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. झीज दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडलेच असे नाही.

मग ही वेदना 'मनाची' का? मुळीच नाही. विंचू चावला तरी वेदना बोटात घडत नाही, बोटातून संदेश जातो आणि वेदना मेंदू घडवतो. सगळीच वेदना मेंदूत घडते आणि सगळीच खरी असते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची मान, खांदे आणि पाठ सात वर्षे दुखत होती. सासूला वाटे, कामाची टाळाटाळ आहे. नवऱ्याला वाटे, डोक्यात खूळ आहे. सगळे फोटो, सगळ्या रक्ताच्या तपासण्या ठीक. हळूहळू त्यांना स्वतःलाही आपण नाटक करतो की काय, असे वाटू लागले होते. नवऱ्याला समोर बसवून मी एवढेच म्हणालो, "यांचे दुखणे खरे आहे. फोटोत दिसत नाही, कारण ते फोटोत दिसणाऱ्या प्रकारचे नाही." त्या बाई बराच वेळ पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. औषधाची चिठ्ठी मी नंतर लिहिली.

मानदुखीचाच एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात, साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी जुनी मानदुखी असलेल्या २४ जणांना आभासी वास्तवाचा चष्मा लावला आणि दुखेपर्यंत मान वळवायला सांगितली. मेख अशी की, चष्म्यातले दृश्य कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त फिरे आणि कधी कमी. दृश्य जास्त फिरले की माणसाला वाटे, आपण मान फार वळवली, आणि त्याला सुमारे ७ टक्के अलीकडेच दुखे. दृश्य कमी फिरले की तोच माणूस सुमारे ६ टक्के अधिक मान बिनतक्रार वळवी. मणके तेच, स्नायू तेच. बदलले होते ते फक्त डोळ्यांना दिसणारे चित्र. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टक्के लहान आहेत, पण त्यातून कळते ते फार मोठे आहे. किती वळल्यावर दुखायचे, याचा हिशेब एकटी मान करत नाही. आता धोका आहे असे मेंदूला वाटले की तो दुखवतो.

या विषयावर बोलताना डॉ. विलयानूर रामचंद्रन यांचे नाव टाळता येत नाही. चेन्नईच्या स्टॅनले मेडिकल कॉलेजचे हे विद्यार्थी पुढे अमेरिकेत सान दिएगो येथे मेंदूवर संशोधन करू लागले. हात किंवा पाय कापला गेल्यावर अनेकांना तो अवयव जागेवरच असल्याचे जाणवत राहते, आणि वर तो दुखतोही. नसलेली मूठ घट्ट आवळल्यासारखी वाटते, नखे तळव्यात रुततात. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात एका खोक्यात उभा आरसा बसवला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल अशी ती मांडणी होती. शाबूत मूठ उघडली की आरशातली 'गेलेली' मूठही उघडताना दिसे, आणि काही रुग्णांची वर्षानुवर्षांची वेदना सैल पडे. आभासी वास्तवाचा हा सगळ्यात स्वस्त अवतार म्हणायला हरकत नाही. स्वीडनमध्ये माक्स ऑर्टिस कॅटालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व संगणकावर नेले. उरलेल्या खुंटातील स्नायूंचे विद्युत संदेश टिपून पडद्यावरचा आभासी हात हलवायचा. त्यांच्या १४ रुग्णांची वेदना बारा बैठकांनंतर बरीच उतरल्याचे २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवावे.

मळणी यंत्रात हात गेलेल्या आमच्या भागातील एका शेतकऱ्याला मी घरातल्या कपाटाचा आरसा काढून हा प्रयोग करायला सांगितला होता. रोज पंधरा मिनिटे. महिन्याने तो म्हणाला, "आग राहिली आहे, पण मूठ उघडली." मला ते पुष्कळ वाटले.

आता कंबर

२०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुनाट कंबरदुखीसाठी 'ईझव्हीआरएक्स' नावाच्या आभासी वास्तवाच्या उपचाराला परवानगी दिली. परवानगी अठरा वर्षांवरील रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि इतर उपचारांच्या जोडीला. बातम्यांत या शेवटच्या तीन शब्दांकडे कोणी लक्ष देत नाही.

उपचार आठ आठवड्यांचा होता. रुग्णाने घरी बसून रोज एक बैठक करायची, दोन मिनिटांपासून सोळा मिनिटांपर्यंतची. चष्म्यात केवळ करमणूक नव्हती. वेदना कशी घडते याची माहिती होती, शरीर सैल सोडण्याचे धडे होते, लक्ष वळवणारे खेळ होते आणि श्वासाचे व्यायाम होते. चष्म्याला एक साधन जोडलेले असे. रुग्णाचा उच्छ्वास ते यंत्राच्या मायक्रोफोनकडे नेई आणि त्या श्वासाबरोबर समोरचे दृश्य बदले. आपण श्वास लांबवला की काय घडते, ते डोळ्यांना दिसे.

ज्या चाचणीवर ही परवानगी मिळाली तिच्यात १७९ रुग्ण होते. अर्ध्यांना हा उपचार मिळाला. उरलेल्यांना तसाच चष्मा मिळाला, पण त्यात निसर्गाची साधी सपाट चित्रे. उपचाराच्या गटातील ६६ टक्के लोकांची वेदना तीस टक्क्यांहून अधिक उतरली. साध्या चित्रांच्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. वेदना निम्म्याहून अधिक उतरलेले अनुक्रमे ४६ आणि २६ टक्के होते. उपचार संपल्यावर महिन्याने पाहिले तेव्हाही पहिल्या गटाचा फायदा टिकून होता. चष्मा काढून ठेवल्यावरही फायदा उरतो, याचा अर्थ तिथे नुसते मन रमवलेले नव्हते, काहीतरी शिकवले गेले होते.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ पाहू. दहापैकी सहा दुखत होते ते चारवर आले, तर तीस टक्के उतार झाला. चार म्हणजे बरे झाले असे नाही. पण सहा दुखणारा माणूस रात्री तीनदा उठतो आणि चार दुखणारा बहुधा झोपतो. माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

शंकाही सांगितल्या पाहिजेत. चाचणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच करवली होती. तिच्यातले सुमारे नव्वद टक्के लोक गोरे अमेरिकन होते, तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि बहुतेक जण शिकलेले होते. ऊसतोडणीला जाणाऱ्या मजुराच्या कमरेविषयी तिच्यातून थेट निष्कर्ष काढता येत नाही. त्याची कंबर रोज पुन्हा नव्याने दुखावली जाते. आणि साधी चित्रे पाहणाऱ्यांतही ४१ टक्क्यांना चांगला उतार पडला, याकडे दुर्लक्ष करू नये. रोज काही मिनिटे कोणी हात लावणार नाही असे शांत बसायला मिळणे, हेही औषधच आहे. आपल्याकडच्या किती गृहिणींना ते मिळते?

इस्पितळात दाखल रुग्णांवरही प्रयोग झाले. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात १२० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीव्ही पाहणाऱ्यांपेक्षा चष्मा लावणाऱ्यांची वेदना अधिक उतरली. ज्यांना मुळातच तीव्र वेदना होती त्यांच्यात हा फरक जास्त होता.

पाश्चात्त्य देशांत यावर एवढा पैसा का खर्च होतो, हेही समजून घ्यावे. अमेरिकेत जुनाट वेदनेवर अफूच्या जातीची औषधे सढळ हाताने दिली गेली. लाखो लोकांना व्यसन जडले, असंख्य माणसे मेली. आपल्याकडे तो प्रश्न त्या रूपात नाही. आपल्याकडचा प्रश्न डायक्लोफिनॅकचा आहे. मेडिकलमध्ये जाऊन "अंगदुखीची ती लाल गोळी द्या" म्हटले की मिळते. पाच-पाच वर्षे रोज दोन गोळ्या घेणारे रुग्ण मी पाहतो. या जातीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, किडनीवर ताण येतो. मधुमेह आणि रक्तदाब आधीच असेल तर विचारायलाच नको. जनावरांना दिलेले हेच औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि किडन्या निकामी होऊन गिधाडे दिसेनाशी झाली. म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरे, पण आपली किडनीही लोखंडाची नाही.

चष्म्याशिवाय

आमच्या गावात हा चष्मा कोणाकडे नाही, आणि मुलांच्या खेळाचा चष्मा विकत आणून त्यात मोटारींच्या शर्यती पाहिल्याने कंबर बरी होणार नाही. महागडे 'पॅकेज' सांगून पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे मागणाऱ्यांपासूनही दूर राहावे. पण त्या आठ आठवड्यांत जे शिकवले जाते त्यातले बरेचसे चष्म्याशिवाय करता येते. फायदा तेवढाच होईल असा माझा दावा नाही. तत्त्व मात्र तेच आहे.

पाठीला आधार मिळेल अशा खुर्चीत बसावे. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा ते आठ अंक मोजत सावकाश सोडावा. सोडताना खांदे आणि जबडा सैल. डोळे मिटून एखादी ओळखीची जागा मनात आणावी. मामाच्या गावची विहीर, शेताचा बांध, जे आवडेल ते. तिथला वास, आवाज, पायाखालची माती, सगळे आठवावे. दहा मिनिटे, दिवसातून दोन वेळा. पहिल्या आठवड्यात "याने काय होणार?" असे वाटेल. ते वाटू द्यावे आणि बसावे.

दुसरे म्हणजे चालणे. जुनाट कंबरदुखीत पडून राहणे हे औषध नसून दुखण्याला घातलेले खत आहे. मात्र एका दिवसात पराक्रमही करू नये. जिथवर चालल्यावर दुखणे वाढते त्याच्या एक विजेचा खांब अलीकडे थांबावे. दोन-तीन दिवस तेवढेच चालावे, मग एक खांब पुढे. वाकायची भीती वाटत असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली थोडे थोडे वाकायला शिकावे. कुत्र्याला हळूहळू कळते की हा चोर नाही. आठ-दहा आठवडे लागतात. मध्ये एखादा दिवस वाईट जातो, त्या दिवशी खांब कमी करावेत, चालणे बंद करू नये. घरच्यांनी दर तासाला "अजून दुखते का?" असे विचारू नये, आणि "काही होत नाही" असे तर कधीच म्हणू नये.

ज्यांना शहरात किंवा परदेशात मुलांकडे गेल्यावर हा उपचार घेण्याची संधी मिळेल त्यांनी जरूर विचार करावा. तो बसूनच घ्यावा, नाहीतर तोल जाऊन पडायची भीती असते. एसटीत ज्यांना गाडी लागते त्यांना इथेही मळमळ होऊ शकते. डोळे सांगतात आपण हलतो आहोत आणि कानातली तोलाची यंत्रणा सांगते आपण बसलो आहोत, या भांडणातून मळमळ होते. वर सांगितलेल्या चाचणीत सुमारे दहा टक्क्यांना हा त्रास झाला आणि वीस टक्क्यांना चष्म्याचे ओझे नकोसे वाटले. फिट्स येत असतील, चक्कर येण्याचा आजार असेल किंवा डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चष्मा लावू नये.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचावी. वरचे सगळे आधी नीट तपासणी झालेल्या रुग्णांसाठी आहे. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून जाग येण्याइतके दुखत असेल, तर मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही, हे ध्यानात ठेवावे. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतले असेल, तरीही तपासणी लांबणीवर टाकू नये. पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या इस्पितळात जावे. अशा वेळी श्वास मोजत बसू नये.

पुढील आठवड्यात वेदनाशामक गोळ्या आणि किडनी या विषयावर लिहिणार आहे. रोज अशी गोळी घेणाऱ्या वाचकांनी गोळीच्या पाकिटावरचे नाव, किती वर्षे घेत आहात आणि मधुमेह-रक्तदाब आहे की नाही, एवढे पोस्टकार्डावर लिहून कळवावे.